मांसाहार सोडल्यानंतरचे ताट

मासे, मटण, कोंबडी आणि अंडी ताटातून गेली की त्यांच्याबरोबर काही पोषकद्रव्येही जातात किंवा कमी होतात: उत्तम प्रतीची प्रथिने, सहज शोषले जाणारे लोह, जस्त, बी-१२ जीवनसत्त्व आणि समुद्राची मासळी खाणाऱ्यांच्या बाबतीत आयोडीन व ओमेगा-३ मेदाम्ले. यांपैकी एकाचीही उणीव पहिल्या महिन्यात जाणवत नाही. उलट अंग हलके वाटते, वजन थोडे उतरते आणि सारे ठीक चालले आहे असा विश्वास बसतो. शाकाहारावर माणूस आयुष्यभर निरोगी राहू शकतो, याबद्दल आहारशास्त्रात आता फारसा वाद नाही. मात्र सोडलेल्या पदार्थाची जागा कशाने भरली, यावर बहुतेक सारे अवलंबून असते.

महाराष्ट्रात शाकाहाराकडे येण्याच्या वाटा अनेक आहेत. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस आणि मद्य कायमचे सुटते. कोणी हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर बदलतो, कोणी प्राण्यांविषयीच्या कळवळ्याने, कोणी सासरच्या रीतीमुळे. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात उसळी, पिठले, ताक, दाण्याचे कूट, तिळाची आणि जवसाची चटणी अशी स्वयंपाकाची घडी आधीच बसलेली असते. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या मांसाहारी घरात मात्र शाकाहाराचा वार हा बहुधा साध्या जेवणाचा वार असतो: पातळ वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळी. आठवड्यातून दोन दिवस ते चालून जाते, कारण इतर दिवसांची मासळी आणि अंडी भरपाई करतात. तेच जेवण सातही दिवस सुरू झाले की पोट भरते, पण पोषण उणे पडत जाते. नव्याने शाकाहारी झालेल्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

प्रथिनांचा हिशोब मांडला की हे स्पष्ट होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आहार मुख्यतः धान्यावर असेल तर हा आकडा एक ग्रॅमच्या जवळ धरावा, कारण धान्यातील प्रथिनांची प्रत कमी असते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाची गरज ५० ते ६० ग्रॅम. आता दिवसभरात चार पोळ्या, एक मूद भात, वाटीभर पातळ वरण, एक फळभाजी आणि दोन कप चहातले दूध एवढेच खाल्ले, तर बेरीज २५ ग्रॅमच्या आसपास येते. पूर्वी त्याच ताटात मध्यम आकाराचा एक बांगडा असे, तो एकटा २० ग्रॅमची भर घालत असे. दोन अंड्यांचे साधारण १२ ग्रॅम होत.

ही तूट भरून काढायला महागड्या पावडरीची गरज नाही. चाळीस ग्रॅम मटकी, चवळी किंवा हरभरे भिजवून केलेली उसळ सुमारे ९ ग्रॅम प्रथिने देते, मूठभर शेंगदाणे ६ ते ७ ग्रॅम, वाटीभर दही ५ ग्रॅम आणि मोठा पेलाभर दूध ७ ते ८ ग्रॅम. एवढ्याने गणित जुळते. याहून सोपा आणि स्वस्त उपाय महाराष्ट्राच्या शेतातच आहे. विदर्भ-मराठवाडा हा देशातील सोयाबीनचा एक मोठा पट्टा. सोयाबीनमध्ये १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, तूरडाळीच्या दीडपटीहून अधिक. तरीही ते बाजार समितीत जाते, त्याचे तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि पिकवणाऱ्याच्या घरात क्वचितच शिजते. दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन मिसळून दळले तर पोळीची चव फारशी बदलत नाही आणि प्रत्येक पोळीतली प्रथिने वाढतात. सोयाबीन कच्चे मात्र दळू नये. ते आधी भाजून घ्यावे, कारण कच्च्या दाण्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात.

प्रथिनांच्या प्रतीबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी पडते. एकाची उणीव दुसरे भरून काढते, हे खरे आहे. १९७१ मध्ये अमेरिकी लेखिका फ्रान्सिस मूर लापे यांच्या पुस्तकामुळे या जोड्या प्रत्येक जेवणात काटेकोरपणे जुळवायला हव्यात असा समज पसरला. दहा वर्षांनी आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी तो दुरुस्त केला. दिवसभरात दोन्ही पोटात गेले की पुरते. वरण-भात, पिठले-भाकरी, खिचडी, थालीपीठ खाणाऱ्या समाजाला ही चिंता तशीही नव्हती. खरी अडचण प्रमाणाची आहे. शिफारस धान्याच्या तीन भागांना डाळी-कडधान्यांचा एक भाग अशी आहे, आणि २००० उष्मांकांच्या आहारात २५० ग्रॅम धान्यांबरोबर ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे 'दिवसभराचे ताट' सांगते. पळीभर वरणात १५ ग्रॅमसुद्धा डाळ नसते.

उसळी अचानक वाढवल्या की पोट फुगते, आणि या एका कारणाने अनेक जण कडधान्यांकडे पाठ फिरवतात. त्यांतील रॅफिनोजसारख्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देणे, मोड आणणे, नीट मऊ शिजवणे आणि फोडणीत हिंग, आले, ओवा वापरणे याने त्रास बराच कमी होतो. सुरुवात मुगाने करावी, मग मटकी-चवळी, आणि हरभरा, वाल, राजमा, काळे वाटाणे शेवटी. तीन-चार आठवड्यांत आतड्यातील जिवाणूंची वस्ती नव्या आहाराला सरावते. आहारातील चोथा वाढत असताना पाणीही वाढवायला हवे, नाहीतर बद्धकोष्ठता होते. ज्यांची पचनशक्ती नाजूक आहे त्यांनी मांसाहार एका दिवसात बंद करण्याऐवजी दीड-दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करणे अधिक शहाणपणाचे. व्रत म्हणून एका दिवसात सोडणारा असेल तर त्याने निदान कडधान्यांची सवय महिनाभर आधीपासून लावून घ्यावी.

लोहाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. मटण आणि कलेजीतील लोह हीम स्वरूपात असते आणि त्यातील साधारण १५ ते ३५ टक्के शरीर शोषून घेते. भाज्या, धान्ये, कडधान्ये यांतील लोहाचे शोषण दोन टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत, सोबत काय खाल्ले त्यावर, कमी-जास्त होते. म्हणून पालेभाजीत किती मिलिग्रॅम लोह आहे या कोष्टकापेक्षा ताटातल्या संगतीला महत्त्व अधिक. क जीवनसत्त्व हे शोषण वाढवते: उसळीवर पिळलेले लिंबू, जेवणातली कोशिंबीर, आवळा, पेरू. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. चहा आणि कॉफी याच्या उलट काम करतात. त्यांतील टॅनिनसारखे घटक लोहाला बांधून ठेवतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर राखणे हा फुकटचा उपाय आहे. पोहे-उपम्याबरोबर चहा ही सवय मात्र सर्वांत चिवट, आणि रक्त कमी असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत नुकसानीची. धान्य-कडधान्यांतील फायटेट हाही लोह आणि जस्ताला अडवणारा घटक आहे. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे याने तो कमी होतो.

बाजरी, अळीव, हरभरा, मटकी, तीळ, राजगिऱ्याची आणि माठाची पालेभाजी, लोखंडी कढईत शिजवलेली आमसूल-टोमॅटो घातलेली आमटी, हे लोहाचे घरगुती मार्ग. पालकाचे नाव मोठे असले तरी त्यातले लोह फारसे अंगी लागत नाही. आहारातून लोह वाढवता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला आहे. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या लोहसमृद्ध बाजरीची भाकरी निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुला-मुलींना रोज देऊन केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारला होता. या बाजरीचे बियाणे राज्यात 'धनशक्ती' या नावाने मिळते. स्त्रियांची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम, पुरुषांची १९, एवढा मोठा फरक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यांतल्या पुष्कळजणी मांसाहारी घरांतल्या होत्या. म्हणजे घरात अधूनमधून मटण शिजते एवढ्याने घरच्या बाईचे रक्त भरून निघत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीने मात्र हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय आहार बदलू नये.

यापुढचा विषय बी-१२ चा, आणि सर्वाधिक जागा त्याला द्यायला हवी, कारण इतर बहुतेक उणिवा स्वयंपाकघर भरून काढू शकते, ही नाही. बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही, कोणताही प्राणीही बनवत नाही. ते फक्त जिवाणू तयार करतात. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्या पोटातील जिवाणूंकडून ते त्यांच्या मांसात आणि दुधात उतरते. माणसाच्या मोठ्या आतड्यातही ते तयार होते, पण त्याचे शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होते, म्हणजे कारखाना दुकानाच्या पुढे पडतो आणि माल मागे येत नाही. इडली, आंबील, लोणची यांतून ते भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनाची जाहिरात या नावाखाली होते, पण त्यात जे सापडते ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे आणि माणसाला निरुपयोगी असे द्रव्य असते.

रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम एवढी सूक्ष्म आहे. अर्धा लिटर दुधात साधारण दोन मायक्रोग्रॅम असते, त्यातले काही उकळताना कमी होते. म्हणजे रोज अर्धा लिटर दूध-दही-ताक घेणारा काठावर उभा असतो आणि चहापुरते दूध घेणारा उणे. यकृतात काही वर्षांचा साठा असल्यामुळे मांसाहार सोडल्यावर दोन-तीन वर्षे काहीच होत नाही, आणि त्रास सुरू होतो तेव्हा त्याचा संबंध आहाराशी जोडणे कोणाला सुचत नाही. हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, थकवा येतो, विस्मरण वाढते, अंधारात चालताना तोल जातो. उशीर झाला तर मज्जारज्जूची हानी कायमची राहू शकते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण आणि शहरी, निरोगी अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गीयांत हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारींना कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त होता. दूध-दुभते खाणारा समाज या बाबतीत सुरक्षित आहे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

बी-१२ ची कमतरता लपून राहण्याची कारणेही शाकाहाराशी निगडित आहेत. १९२८ मध्ये मुंबईत आलेल्या ब्रिटिश वैद्यक संशोधक ल्युसी विल्स यांनी कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट. बी-१२ वेगळे काढले गेले ते त्यानंतर, १९४८ मध्ये. रक्तपेशी तयार करण्याच्या कामात ही दोन्ही जीवनसत्त्वे एकत्र गुंतलेली असतात. पालेभाज्या आणि कडधान्यांमुळे शाकाहारी माणसाला फोलेट भरपूर मिळते; त्यामुळे बी-१२ कमी असूनही रक्त बरे दिसते आणि मज्जातंतूंची झीज तेवढी चालू राहते. सोबत लोहही कमी असेल तर आणखी फसगत होते: लोहाअभावी रक्तपेशी लहान होतात, बी-१२ अभावी मोठ्या, आणि अहवालातली सरासरी व्यवस्थित येते. म्हणून साध्या रक्तगणनेवर विसंबून चालत नाही, बी-१२ ची तपासणी वेगळी करावी लागते. पातळी काठावर असेल तर डॉक्टर होमोसिस्टीनही तपासायला सांगतात.

उपाय सोपा आहे: गोळी. ती जिवाणूंपासूनच तयार होते, त्यामुळे शाकाहाराच्या व्रताला बाधा येत नाही. आतड्यातील शोषणाची यंत्रणा एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच घेऊ शकते. त्यापलीकडच्या मात्रेतले जेमतेम एक टक्का आपोआप झिरपते. गोळीवर ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅम असा मोठा आकडा दिसतो तो त्यामुळे. आठवड्याला किती घ्यायची आणि इंजेक्शन लागेल का, हे पातळी पाहून डॉक्टर ठरवतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्तावर वर्षानुवर्षे गोळ्या घेणारे आणि साठी ओलांडलेले यांच्यात शोषणच कमी झालेले असते. त्यांनी शाकाहार स्वीकारताना ही तपासणी पहिल्याच महिन्यात करावी.

दूधही सोडणाऱ्यांचा, म्हणजे व्हेगन आहाराचा, प्रश्न याहून कडक आहे. महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. १९१८ मध्ये आमांशाने ते अतिशय खंगले, आणि डॉक्टरांच्या आग्रहानंतर कस्तुरबांच्या सुचवण्यावरून त्यांनी शेळीचे दूध सुरू केले. व्रतातून पळवाट काढल्याची बोच त्यांना कायम राहिली. बी-१२ चा शोध त्यांच्या मृत्यूच्या वर्षी लागला. आज व्हेगन व्यक्तीपुढे तसा पेच उरलेला नाही, पण बी-१२ ची गोळी तिच्यासाठी ऐच्छिक नाही. घरी केलेल्या बदामाच्या वा नारळाच्या दुधात ना बी-१२ असते ना पुरेसे कॅल्शियम. सोयाचे दूध प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाते. विकत घेताना पोषकद्रव्ये मिसळलेले घ्यावे.

कॅल्शियमची गरज रोज १००० मिलिग्रॅम. कोकणातील माणसाला त्यातला बराच वाटा काट्यांसकट खाल्लेली मांदेली, जवळा, सुकट यांतून मिळत आलेला असतो, हे मासे सोडताना ध्यानात येत नाही. अर्धा लिटर दुधात ६०० मिलिग्रॅम असते; १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास; न सोललेल्या तिळात त्याहून कितीतरी अधिक. ड जीवनसत्त्वासाठी मात्र ताटावर अवलंबून राहण्यात अर्थ नाही, ते मुख्यतः उन्हातून मिळते. ज्या दूध-तेलाच्या पिशवीवर निळे 'प्लस एफ' चिन्ह असते त्यात ते मिसळलेले असते.

आयोडीनच्या बाबतीत अलीकडे एक नवीच अडचण दिसते. मांसाहार सोडणारे अनेक जण त्याच उत्साहात 'नैसर्गिक' म्हणून सैंधव मीठही वापरू लागतात. समुद्राची मासळी आणि आयोडीनयुक्त मीठ दोन्ही एकदम गेल्यावर थायरॉईडला आयोडीन येणार कुठून? रोजच्या स्वयंपाकाचे मीठ आयोडीनयुक्तच असावे.

बांगडा आणि तारली यांतील ओमेगा-३ ला वनस्पतींत थेट पर्याय नाही. जवस, अक्रोड, मोहरी यांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते आणि शरीर त्यातला थोडासाच भाग माशांत असणाऱ्या स्वरूपात बदलू शकते. तरी तो मार्ग सोडू नये. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी रोज मोठा चमचाभर खाल्ली तर सुमारे दोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. जवस कुटूनच खावे, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. सूर्यफुलासारख्या तेलांतील ओमेगा-६ फार झाले तर हे रूपांतर आणखी मंदावते, म्हणून एकाच तेलावर वर्षानुवर्षे राहू नये. गरोदर स्त्रियांसाठी शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात.

शाकाहारी पदार्थ म्हणजे आरोग्याचा पदार्थ, हे समीकरण धोक्याचे आहे. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असते. वडापाव, फरसाण, जिलेबी, मैद्याची बिस्किटे हे सारे शाकाहारीच. मासळीची जागा याने भरली तर वजन आणि साखर दोन्ही वाढतात. ब्रिटनमध्ये सुमारे ४८ हजार लोकांना १८ वर्षे अभ्यासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या पाहणीत शाकाहारींना हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका २२ टक्क्यांनी कमी आढळला, पण पक्षाघाताचा २० टक्क्यांनी जास्त. पक्षाघाताचे कारण निश्चित झालेले नाही. बी-१२ ची कमतरता ही शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डाळी आणि फळे वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण त्यांतले पोटॅशियम त्यांना बाधू शकते.

सर्वांत जास्त काळजी गरोदरपणात आणि मुलाच्या पहिल्या दोन वर्षांत घ्यावी लागते. आईच्या शरीरात बी-१२ नसेल तर तिच्या दुधातही ते पुरेसे उतरत नाही, आणि केवळ अंगावरच्या दुधावर वाढणारे बाळ सहा-आठ महिन्यांचे होता होता मलूल होते, हसणे-बसणे विसरते, कधी त्याचे हातपाय थरथरू लागतात. वेळीच बी-१२ दिले तर ते सावरते. डॉ. याज्ञिक यांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत चालवलेल्या माता-पोषण अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी आढळले; ज्या मातांत फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. ती गोळी अत्यावश्यक आहे, बंद करू नये. शाकाहारी स्त्रीने गरोदरपणाची नोंद करतानाच बी-१२ तपासून घ्यावे आणि कमी असल्यास डॉक्टरांकडून ते वेगळे सुरू करून घ्यावे. मूल होण्याचा विचार करतानाच हे केले तर अधिक चांगले.